तात्पर्याबाहेरचा कोल्हा

जलक्रीडेच्या वेळी राणी 'मोदकैः' म्हणते आणि 'पाण्याने मारू नकोस' हा त्यातला संधी न उमगल्यामुळे राजा मोदकांची ताटे मागवतो. 'कथासरित्सागरा'तील हा राजा प्रतिष्ठानचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणचा, सातवाहन आहे. राजाच्या या फजितीतूनच पुढचे सारे उद्भवते. त्याला संस्कृत कोण किती काळात शिकवील यावर गुणाढ्य आणि शर्ववर्मा यांच्यात पैज लागते. गुणाढ्य हरतो आणि संस्कृत, प्राकृत व देशी अशा तिन्ही भाषा सोडून अरण्यात जातो. तेथे शाई नसल्यामुळे स्वतःच्या रक्ताने, पैशाची भाषेत, तो सात लक्ष श्लोकांची 'बृहत्कथा' लिहितो. राजा ती नाकारतो. मग गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवतो आणि अग्नीत टाकतो. जनावरे चरायचे विसरून अश्रू ढाळीत ऐकत राहतात. राजाच्या मुदपाकखान्यात रोडावलेल्या जनावरांचे मांस येऊ लागते, राजा आजारी पडतो आणि चौकशी करीत अरण्यात पोहोचतो. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेलेले असतात.

ही आख्यायिका इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. गोष्ट या प्रकाराला दरबाराने कोणत्या नजरेने पाहिले, याविषयी मात्र ती बरेच काही सांगते. गोष्टीची भाषा हलकी, शाई अशुद्ध आणि तिचे पहिले रसिक चार पायांचे. शिवाय दरबार अखेर तिला स्वीकारतो तो रसिकतेपोटी नव्हे, पोटदुखीपोटी. पशुकथेच्या संदर्भात या आख्यायिकेची आठवण महत्त्वाची ठरते. कारण ज्या सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मिरात 'कथासरित्सागर' रचला, त्याच्याच ग्रंथात पंचतंत्रातील कथाही येतात. कोल्हा, ससा, माकड, कावळा हे सारे त्या प्रवाहातले प्राणी आहेत. मराठी मुलापर्यंत ते पोहोचले तेव्हा त्यांच्या शेपटीला आणखी एक वस्तू बांधली गेली होती, ती म्हणजे 'तात्पर्य'. या बांधणीने गोष्टीचे नेमके काय झाले, हा येथील प्रश्न आहे.

बळाने दुबळा, बोलण्यात चलाख, भुकेलेला, नियम वाकवणारा आणि प्रसंगी स्वतःच्याच चलाखीत अडकणारा प्राणी जगभरच्या लोककथांत आढळतो. पॉल रॅडिनने १९५६ मध्ये विनेबागो जमातीच्या कथाचक्राच्या आधारे या व्यक्तिरेखेचा अभ्यास मांडला आणि तेव्हापासून तिच्याकडे आदिबंध म्हणून पाहण्याची प्रथा पडली. मराठीत तिला 'ठकसेन' म्हणता येईल. दुर्गा भागवतांच्या 'लोकसाहित्याची रूपरेखा' (१९५६) या ग्रंथाने आणि सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखालील लोकसाहित्य समितीच्या संकलनांनी लोककथेच्या अभ्यासाचा पाया घातला. बालसाहित्याची समीक्षा मात्र या पायावर फारशी उभी राहिली नाही. ती संस्कारमूल्य आणि रंजनमूल्य या दोन तागड्यांत गोष्ट तोलत राहिली. ठकसेनाची अडचण अशी की, तो दोन्ही तागड्यांतून उडी मारतो. तो रंजन करतो ते खोटे बोलून. आणि संस्कार करतो असे म्हणावे, तर कोणता, हे सांगताना शिक्षकाची जीभ अडखळते.

पंचतंत्रात ही अडचण नव्हती. याचे कारण तेथे नीती आणि नैतिकता यांची गल्लत केलेली नाही. महिलारोप्य नगरातील अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना विष्णुशर्मा शिकवतो ती राजनीती. शिवाय त्या ग्रंथातली सुभाषिते गोष्टीबाहेर उभी नसतात. ती पात्रे एकमेकांच्या अंगावर फेकतात. 'मित्रभेदा'त दमनक आणि करटक हे दोन कोल्हे वाद घालतात, तेव्हा दोघांजवळही वचनांचा तुटवडा नसतो. मैत्री मोडू नये याला आधार सापडतो आणि मोडावी यालाही सापडतो. ससा आणि सिंह यांची गोष्टच पाहावी. मराठी घरातील प्रत्येक मुलाला ती ठाऊक असते. विहिरीतले प्रतिबिंब दाखवून ससा सिंहाला बुडवतो आणि शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ असे तिचे सार सांगितले जाते. मूळ ग्रंथात ही गोष्ट सांगतो दमनक. तो ती सांगतो कशासाठी? पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांची निर्मळ मैत्री कपटाने तोडता येईल, हे करटकाला पटवण्यासाठी. म्हणजे दुर्बळाच्या सुटकेची ही कथा एका कारस्थान्याच्या हातातले साधन आहे. ऐकणाऱ्याला सशाचा आनंदही होतो आणि ती कोण सांगतो आहे याची धास्तीही वाटते. चौकटीतून उचलून ती सुटी छापली की आनंद तेवढा शिल्लक राहतो.

मराठीत छापील गोष्ट आली तीच मुळी अशी सुटी होत आली. सेरामपूरच्या छापखान्यातून वैजनाथशास्त्र्यांचा 'हितोपदेश' १८१५ मध्ये बाहेर पडला, मुंबईत १८२२ मध्ये 'पंचोपाख्यान' छापले गेले आणि १८२८ मध्ये सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी इसापाच्या गोष्टी मराठीत आणल्या. पहिली दोन पुस्तके चौकटीच्या कथांची होती, तिसऱ्याचा घाट निराळा होता. इसापाची गोष्ट आखूड, एकेरी असते आणि तिच्या शेवटी ओळ सोडून बोध येतो. नव्या शाळेला हा घाट फार सोयीचा होता. गोष्ट वाचा आणि तात्पर्य सांगा, या प्रश्नाचे उत्तर तपासणे सोपे असते. लवकरच पंचतंत्रातील कथाही इसापाच्या साच्यात बसवल्या जाऊ लागल्या आणि मराठी वाचकाच्या मनात दोन्ही परंपरा एक झाल्या. करकोच्याला ताटलीत जेवण वाढणारा कोल्हा इसापाचा आणि रंगाच्या पिंपात पडून निळा झालेला कोल्हा पंचतंत्राचा, हा भेद आज सुशिक्षित पालकालाही सांगता येत नाही. दोन कोल्ह्यांची सरमिसळ झाली याचे दुःख करण्याचे कारण नाही, लोककथेत ती नेहमीच होते. नुकसान झाले ते वादाचे. तात्पर्य म्हणजे जिच्याशी कोणीही हुज्जत घालत नाही अशी ओळ.

बौद्ध परंपरेने हाच पेच वेगळ्या रीतीने हाताळला होता. माकड आणि सुसर यांच्या कथेत काळीज झाडावर ठेवून आलो असे सांगून माकड सुटते. पंचतंत्रात ही कथा 'लब्धप्रणाश' या चौथ्या तंत्राची चौकट आहे आणि तेथील झाड जांभळाचे आहे. पालीतील सुंसुमार जातकात काळीज उंबरावर टांगलेले दाखवले जाते आणि माकड म्हणजे बोधिसत्त्व असतो. बोधिसत्त्वाच्या हातून इतर दोष घडले, तरी असत्य भाषण घडत नाही, असे सांगणारे हारित जातकही याच संग्रहात आहे, हे लक्षात घेतले म्हणजे माकडाची थाप सांप्रदायिक भाष्यकाराला किती जड गेली असेल याची कल्पना येते. अजिंठ्याच्या चित्रकारांनी सतराव्या लेण्यात माकड रंगवले ते महाकपी जातकातले, म्हणजे स्वतःच्या देहाचा पूल करून कळपाला पलीकडे नेणारे. तेथेच छद्दंत हत्तीही आहे. भिंतीवर करुणेचे प्राणी शोभून दिसतात. थापाड्या माकडाला जागा मिळाली ती आजीच्या तोंडात, आणि तेथे त्याने काळजाचा व्यवहार सुखाने चालू ठेवला.

आजीच्या तोंडात या प्राण्यांचे नामकरणही बदलले. पंचतंत्रात दमनक, पिंगलक, रक्तमुख अशी विशेषनामे आहेत. मराठीत ती गळून पडली आणि नाती आली : कोल्होबा, वाघोबा, उंदीरमामा, चिऊताई. 'बा' हा प्रत्यय विठोबा, खंडोबा, म्हसोबा यांनाही लागतो, आणि कोकणपट्टीत वाघोबा हा खरोखरच देव आहे. कोल्ह्याला हा प्रत्यय लावताना मराठी भाषेने त्याची थट्टा केली आहे की त्याला मान दिला आहे, हे ठरवता येत नाही आणि ते न ठरणे हीच त्यातली गंमत आहे. ज्याच्यापासून सावध राहायचे त्यालाच वडीलकीचे संबोधन देण्याची रीत गावगाड्यातील बोलण्याशी जुळणारी आहे. या नामकरणातली एक विषमता मात्र नजरेआड करता येत नाही. चिमणीला 'ताई' होता येते, कावळा सहसा नुसता 'काऊ' राहतो.

चिऊ-काऊच्या कथेकडे येथे थोडे थांबून पाहिले पाहिजे. मराठीतील तिची जुनी नोंद तेराव्या शतकातील आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरांच्या तोंडी ती येते. तेथे आजच्या चिमणीच्या जागी 'साळै' आहे, पण शेणाचे घर, मेणाचे घर आणि पावसात वाहून गेलेला शेजारी हा कथाबंध तोच आहे. पैठण आणि गोदाकाठ हा चक्रधरांच्या वावराचा प्रदेश. म्हणजे सातवाहनाच्या दरबाराने जी नाकारली त्या जातीची गोष्ट हजार-बाराशे वर्षांनी त्याच परिसरात एका पंथप्रवर्तकाच्या वाणीतून लिखितात शिरली, असे म्हणावयास हरकत नाही. अर्थात दोन्हींमध्ये थेट धागा दाखवता येणार नाही.

या कथेत ठकसेन कोण? वरवर पाहता कोणीच नाही. कावळा भिजत दार ठोठावतो. आतून चिमणी बाळाला न्हाऊ घालायचे, पुसायचे, तीट लावायची अशी एकेक सबब पुढे करते. परंतु सबब हेच येथील शस्त्र आहे. नकार न देता दार बंद ठेवण्याची ही कला आहे. कावळा मोठा, चोचीने अणकुचीदार आणि पिलांना धोकादायक; चिमणीजवळ वेळकाढूपणाखेरीज काही नाही. या दृष्टीने चिऊताई ही मराठीतील सर्वात घरगुती ठकसेन म्हणावी लागेल. अनेक मौखिक पाठांत ती अखेरीस दार उघडते आणि कावळ्याला शेकायला तव्यावर किंवा चुलीपाशी बसवते. तो भाजतो. काही पाठांत तो आधी आतले काही खाऊन टाकतो आणि मग त्याला शिक्षा होते. हा शेवट ऐकताना लहान मुले हसतात हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्या हसण्याने मोठी माणसे दचकतात, आणि म्हणून छापील पाठांतून तवा हळूहळू नाहीसा झाला. आजच्या अनेक चित्रपुस्तकांत चिमणी कावळ्याला पुसून कोरडे करते आणि दोघे एकत्र खीर खातात.

तवा काढला म्हणजे गोष्ट सुधारते, असा समज त्यामागे आहे. तो तपासला पाहिजे. मेणाचे घर पक्के आणि शेणाचे घर वाहून जाणारे, ही वाटणी कथेच्या पहिल्याच वाक्यात झालेली असते. कोणाला मेण का मिळाले आणि कोणाच्या वाट्याला शेण का आले, हे कथा विचारीत नाही. घर नसलेला काळ्या रंगाचा जीव दाराबाहेर उभा आहे आणि आतून 'थांब' म्हटले जात आहे, हे चित्र गावकुसाचा इतिहास असलेल्या समाजात निव्वळ पक्ष्यांचे राहू शकत नाही. ज्या मराठवाड्यात विद्यापीठाच्या नामांतरासाठी १९७८ पासून १९९४ पर्यंत लोकांनी वाट पाहिली आणि त्यासाठी घरेदारे जळालेली पाहिली, तेथे तर नाहीच. कथेचा हेतू असा होता असे येथे सुचवावयाचे नाही. पण ऐकणाऱ्या सर्वच मुलांना चिमणीच्या घरात बसून गोष्ट ऐकता येते, हे गृहीतक सोडून देणे आवश्यक आहे. कावळ्याच्या जागी बसून ऐकणाऱ्या मुलाला तव्याचा शेवट क्रूर वाटेल. खिरीचा शेवट मात्र खोटा वाटेल, कारण त्याच्या अनुभवात दार इतक्या सहज उघडत नाही. आणखी एक विसंगती याच समाजाने सांभाळली आहे. दहाव्या दिवशी पिंडाला शिवावे म्हणून हाच कावळा तासन् तास आळवला जातो. तेव्हा दार उघडायचे की नाही हे तो ठरवतो.

दुर्बळाची चलाखी म्हणजे वरच्याविरुद्धचे हत्यार, हे सूत्र अलीकडच्या समीक्षेला फार प्रिय झाले आहे. अमेरिकेतील गुलामांच्या कथांतील ससा पाहिला, तर ते बऱ्याच अंशी खरेही आहे. मराठीतील उंदराच्या टोपीची गोष्ट या सूत्राला पहिल्याने दुजोरा देते आणि मग ते मोडून टाकते. उंदराला चिंधी सापडते. ती तो धोब्याकडून धुवून घेतो, रंगाऱ्याकडून रंगवून घेतो, शिंप्याकडून तिची टोपी शिवून घेतो, तिला गोंडे लावून घेतो आणि डोक्यावर चढवून ढोल वाजवीत राजाची चेष्टा करतो. राजा टोपी हिसकावतो तेव्हा उंदीर त्याला भिकारी ठरवतो आणि परत देतो तेव्हा भित्रा. राजसत्तेला दोन्हीकडून कोंडणारे इतके नेटके उदाहरण प्रौढ उपहासातही क्वचित आढळेल. परंतु टोपी तयार कशी झाली? धोबी, शिंपी नकार देतात तेव्हा उंदीर राजाकडे जाण्याची, शिपाई आणून मार देवविण्याची आणि त्याची मजा पाहण्याची धमकी घालतो. सारे कारागीर फुकट राबतात. ज्या सत्तेची तो शेवटी टिंगल करतो तिच्याच धाकाने त्याने आधी वेठ घेतली आहे. मुलांना दोन्ही भागांत सारखीच मौज वाटते, कारण दोन्हीकडे ताल एकच आहे. समीक्षकाने मात्र राजासमोरच्या ढोलाने इतके दिपून जाऊ नये, की शिंप्याची मजुरी विसरली जावी. संस्कारवादी या गोष्टीला 'जिद्द' हे तात्पर्य लावतात, विद्रोहवादी 'प्रतिकार' हे लावतील. दोन्ही ओळी सारख्याच सोईच्या आहेत.

भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत प्राणी फसणारे आहेत आणि ठकसेन माणूस आहे. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग खा, ही तिची थाप आंतरराष्ट्रीय कथासूचीतही स्वतंत्र प्रकार म्हणून नोंदलेली आहे, आणि भोपळ्यासह ही कथा इराणमध्येही सांगितली जाते. मराठी पाठात मात्र या थापेला एक दुखरी कड आहे. म्हातारी रोड का, याचे उत्तर कथा देत नाही, पण ऐकणारीला ते ठाऊक असते. लेकीच्या घरचे पाणीही पिऊ नये असा दंडक पाळणाऱ्या घरांतून ही गोष्ट सांगितली गेली, हे ध्यानात घेतले तर वाघाला दिलेले आश्वासन म्हणजे एका उपाशी बाईने उघडपणे बोलून दाखवलेली इच्छा ठरते. वाघ त्यावर विश्वास ठेवतो, कारण भुकेचे गणित त्यालाही कळते. ठकसेनाची थाप लागू पडते ती बहुधा अशीच, खऱ्याच्या अगदी जवळून गेल्यामुळे.

सांगणारीच्या आयुष्याचा हा अंश नोंदला गेल्याचे उदाहरण विरळ आहे. मेरी फ्रेअरचा 'ओल्ड डेक्कन डेज' हा १८६८ मधील संग्रह मुंबईच्या गव्हर्नरच्या घरातील ॲना लिबरेटा डिसोझा या आयेने सांगितलेल्या कथांचा आहे आणि आरंभी तिची स्वतःची हकिगतही छापली आहे. कष्टांची आणि घरातल्या मृत्यूंची ती हकिगत वाचून तिच्या छोट्या कोल्ह्याकडे वळले, की तो निराळा दिसू लागतो. सुसर त्याचा पंजा पकडते तेव्हा तो हसून सांगतो, की तू तर पाणगवताचे मूळ धरलेस. ती पंजा सोडते. शेवटी सुसर त्याच्या बिळात दबा धरून बसते. तो बाहेरून घरालाच हाक मारतो, रोज उत्तर देणारे घर आज गप्प का म्हणून विचारतो, आणि आतून लाडिक उत्तर येताच बिळाला आग लावतो. चिमणीचा तवा आणि कोल्ह्याची ही आग एकाच चुलीवरची आहेत. मालकाच्या मुलीला ही गोष्ट सांगताना ॲनाने आग विझवली नाही, हे आजच्या संपादकांनी पाहण्यासारखे आहे.

शेवट गोड करण्याची ओढ काही आजची नाही आणि केवळ मराठीही नाही. 'मित्रभेदा'च्या अखेरीस संजीवक मारला जातो, पिंगलक हळहळतो आणि दमनक त्याचे सांत्वन करून मंत्रिपदावर राहतो. त्याला शिक्षा होत नाही. पंचतंत्र पहलवीतून अरबीत गेले तेव्हा, आठव्या शतकात, इब्न अल्-मुकफ्फाच्या 'कलीला व दिमना'त एक नवे प्रकरण आले : दिमनाचा खटला. अपराध्याला मोकळे सोडणारा ग्रंथ त्या काळच्या वाचकालाही सोसवला नसावा. खटला उभा राहतो, सिंहाची आई शिक्षेचा आग्रह धरते, दरबारी आरोप करतात. दिमना प्रत्येकाला उत्तर देतो, दृष्टांत सांगतो, आरोप करणाऱ्यालाच निरुत्तर करतो, आणि न्यायसभा दिवसामागून दिवस तहकूब होत राहते. अखेर चोरून ऐकलेल्या बोलण्याचे साक्षीदार पुढे येतात, म्हणून त्याचा निकाल लागतो; वादात तो कोणालाही हरलेला नसतो. त्याला शासन करण्यासाठी जोडलेल्या या प्रकरणात सर्वाधिक बोलतो तो दिमनाच.